उंचीचा एक

जूनच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, भाईंदरजवळ गोडदेवच्या आमच्या घरात, पलंगाखालून ओढून काढलेल्या डोंगरावर अकरा नंबरचा जवान पडला. चार वाजून पंचवीस मिनिटांनी खालच्या दुकानातल्या फोनवर माझ्या भावाविषयी निरोप आला. दोन्ही वेळा वहीत आहेत. पहिली मी तिथल्या तिथे लिहिली होती, दुसरी चार दिवसांनी.

वही शंभर पानांची, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यावर दादाने नंबरप्लेटवर काढतात तशा जाड, सरळ अक्षरांत 'लढाई' असे लिहिले आहे. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. दहावीची परीक्षा दिली होती आणि निकाल यायचा होता. पुढे मी बावीस वर्षे वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या तपासल्या. त्या सवयीने हे प्रकरण लिहिण्याआधी वही पुन्हा दोनदा वाचली. तिच्यात एक नोंद खोटी आहे. ती कोणती, ते ओघात येईल.

घर दुसऱ्या मजल्यावर होते. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि बाहेर सात घरांची सामाईक गॅलरी. बाबा परभणीकडच्या खेड्यातून आलेले, पाणी खात्यात वॉल्व्हमन. पाच फुटांची लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून ते उजाडायच्या आत निघत, रस्त्यातले झाकण उचलत, चावी खाली सोडत आणि मोजून फेरे देत. आमच्या गल्लीचे फेरे एकोणीस होते. एकोणिसावा फेरा बसला की पाच-सात मिनिटांत मोरीतला नळ आधी खोकायचा, मग फुसफुसायचा, मग पाणी यायचे. एक दिवसाआड, सहा वाजून दहा मिनिटांनी. त्यासरशी गॅलरीभर कळश्या आणि पिंपे वाजू लागत आणि त्या गलक्यात आईच्या भाकरी थापण्याचा आवाज मिसळे. बाबा फार बोलत नसत. पाणी वेळेवर आले म्हणजे बाबा ठीक आहेत, असे आम्ही समजत असू. आता त्या जागी चौदा मजली इमारत आहे. नळ कधीही सोडला तरी पाणी येते आणि ते कोणी सोडले हे कळायचा मार्ग नाही.

खोलीत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली दादाचा गणवेशातला फोटो. दादाचे नाव मिलिंद. लष्कराच्या पायदळात जाण्याआधी तो घोडबंदरच्या एका गॅरेजमध्ये गाड्यांच्या नंबरप्लेट रंगवायचा. डोंगर त्या काळात तयार झाला. त्याआधी दर दिवाळीला दादा इमारतीच्या आवारात मातीचा किल्ला करायचा आणि त्यावर मावळे मांडायचा. एका वर्षी आवारात सिमेंट घातले गेले आणि किल्ल्यासाठी ओंजळभर मातीही उरली नाही. दादाने गणपतीनंतर लोकांनी टाकून दिलेल्या मखरांचे थर्मोकोल जमवले आणि ते एकावर एक चिकटवून घरातच डोंगर उभा केला. त्याला गॅरेजमधला राखाडी रंग दिला. त्या रंगाने थर्मोकोल खाल्ले. तासाभरात डोंगराला भोके पडली, कडे खचले. आई हसून बेजार झाली. दादा मात्र खाली बसून त्या खाचांकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बारके, या खऱ्या घळी झाल्या. मी हाताने काढल्या असत्या तर अशा जमल्या नसत्या." मग त्याने खळ लावून त्यावर वर्तमानपत्राचे कागद डकवले आणि पुन्हा रंग दिला. शिखरावर बर्फ म्हणून भाईंदरच्या मिठागरातले खडे मीठ पसरले.

डोंगराला सात पायऱ्या होत्या. थर्मोकोलचा एक थर म्हणजे एक पायरी. सातवी पायरी पलंगाखाली मावेना, म्हणून पलंगाच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा सरकवल्या गेल्या. "माणसांना पाय पसरायला जागा नाही, अन् पलंगाखाली हिमालय," असे आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. त्या सांगण्यात तक्रार किती आणि कौतुक किती, हे ऐकणाऱ्याला कळत असे.

जवान डेन्झिलने आणले. डेन्झिल किनाऱ्यावरच्या तारोडी गावचा, दादाबरोबर त्याच गॅरेजमध्ये कामाला. त्याचे अंकल बोटीवर होते, त्यांनी बाहेरून चाळीस जवानांचा खोका आणला होता. इंचभर उंचीचे, बिनरंगाचे. दादा आणि डेन्झिलने महिनाभर बसून ते रंगवले. चेहरा रंगवायला तीन केसांचा ब्रश होता. बुडाखालच्या चकतीवर प्रत्येकाचा नंबर, तोही नंबरप्लेटच्या वळणाचा. अकरा नंबरला दादाने मिशी काढली आणि सांगितले, "हा मी."

शत्रू व्हायला दोघांपैकी कोणी तयार नव्हते, म्हणून दोन्ही बाजूंना 'वरचे' आणि 'खालचे' अशी नावे पडली. वरच्यांनी शिखर धरून ठेवायचे, खालच्यांनी ते घ्यायचे. डेन्झिल वरचा, दादा खालचा. अंतर मोजायला दादाची वीत होती. ती नऊ इंच भरली. तेवढी लाकडी पट्टी कापून ठेवली होती. चढताना एका डावात अर्धी वीत, उतरताना पूर्ण. गोळी मारायची तर सापशिडीचा फासा टाकायचा. सहा झाले की समोरचा पडला. मारणारा वरच्या पायरीवर असेल तर फाशात एक मिळवायचा. त्याला 'उंचीचा एक' म्हणत. पडलेला बिस्किटांच्या डब्यात जायचा. फासा एकदाच टाकायचा, दुसऱ्यांदा नाही. हा शेवटचा नियम दादाचा होता आणि त्यावरून भांडणे झाली तरी तो बदलला नाही. एक नियम आईचाही होता. जवान एक पायरी वर नेला की डेन्झिल सुरुवातीला "वर गेला" असे ओरडायचा. आई पोळपाट सोडून बाहेर आली. "चांगल्या घरात असं बोलत्यात का? चढला म्हणा." तेव्हापासून आमच्या घरात जवान चढत. वर कोणी जात नसे.

दादा भरती झाल्यावर खेळ थांबला नाही. तो पत्रातून चालू झाला. दर महिन्याला त्याचे एक पत्र यायचे. अर्धे पत्र आई-बाबांना, उरलेले मला. 'अकरा आणि चौदा डाव्या घळीने तिसऱ्या पायरीवर. सात जागेवर.' डेन्झिल रविवारी बसने यायचा, मी पत्र वाचायचे, दादाचे जवान हलवायचे, मग डेन्झिल त्याचा डाव खेळायचा आणि मी तो दादाला कळवायचे. फासा दोघांच्या वतीने डेन्झिलच टाकायचा आणि मी वहीत लिहायचे. दादाचे युनिट पहाडात गेले तेव्हा एका पत्रातल्या पाच ओळी काळ्या शाईने पुसून आल्या. पुढच्या पत्रात खुलासा होता. पत्रे तपासणाऱ्या साहेबांनी त्याला बोलावून विचारले होते, कोणता डोंगर, कोणती डावी घळ, आणि हे चौदा नंबर कोण. "साहेब, पलंगाखालचा डोंगर आहे," असे दादाने सांगितले. साहेबांना ते पटायला दोन दिवस लागले. तेव्हापासून दादा प्रत्येक पत्रात 'खेळण्यातला' हा शब्द घालू लागला. 'खेळण्यातला अकरा, खेळण्यातल्या तिसऱ्या पायरीवर.' बाबा ते मोठ्याने वाचायला लावत आणि हसत. बाबांना हसताना मी बघितले ते त्या पत्रांच्या वेळी.

मे महिन्यात खरी लढाई सुरू झाली. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या नाईकबाईंच्या घरातला आवाज भिंतीतून यायचा. शब्द कळत नसत, पण निवेदकाचा स्वर उतरला की नावे वाचली जात आहेत हे समजायचे. तेवढ्यापुरती आई भाकरी थापायची थांबत असे. हात परातीवर अधांतरी. नावे संपून जाहिरातीचे गाणे लागले की थाप पुन्हा सुरू होई. वर्तमानपत्रात ज्या डोंगराचा फोटो येई तो आमच्याच डोंगरासारखा होता, वर माणसे आणि खाली माणसे. मला खेळाचे नियम पाठ होते, इतरांना नव्हते. इतर लोक झेंडे लावत होते. मी मनात फासा टाकून त्यात एक मिळवत होते. त्या महिन्यात मला भीती वाटू लागली ती नियम माहीत असल्यामुळे वाटली, असे आज म्हणता येते.

त्या रविवारी दादाचे पत्र येऊन तेवीस दिवस झाले होते. आई विहारात वंदनेला गेली होती, बाबा ड्युटीवर होते. डेन्झिल सुकट घेऊन आला, पिशवी स्वयंपाकघरात ठेवली आणि पलंगाखालून डोंगर ओढला. हवेत ओल आली होती. मिठाला पाणी सुटले होते. सहाव्या पायरीवरून एक ओघळ खाली येऊन कागद फुगला होता.

"बर्फाचा पानी झाला," डेन्झिल म्हणाला. "अजून पंदरा दिस वाट बगली तं डोंगूर पन न्हाय रेनार. एक डाव खेलू."

"दादाचं पत्र नाही आलं."

"येल. त्याचा डाव तू खेल. तुला काय म्हाईत न्हाय हाय?"

दादाच्या पत्राशिवाय त्याचे जवान हलवायचे नाहीत, हे ठरलेले होते. मी ते मोडले. अकरा नंबर उचलला, पट्टी लावली आणि डाव्या घळीने तिसऱ्या पायरीवरून चौथीवर नेला. मला तो डाव चांगला वाटला. घळीच्या वरच्या तोंडाशी डेन्झिलचा जवान होता, तो माझ्या लक्षात आला नव्हता.

डेन्झिलने फासा टाकला. पाच पडला.

"उंचीचा एक," तो म्हणाला. "सहा."

त्याने एका बोटाने अकरा नंबर आडवा केला, अगदी हळू. नेहमी तो टिचकी मारायचा. मी घड्याळ बघितले आणि सवयीने वहीत लिहिले: '४.१० – अकरा – पडला.' मग म्हणाले, "पुन्हा टाक."

"फासा येकदाच. तुजाच भाव बोलते."

"डेन्झिल, पुन्हा टाक ना."

"आता का बोलतेस? आदी ठेवलास कशाला थयं?" तो हसत होता. मी हसत नाही हे बघून थांबला. आम्ही वाद घालत असतानाच खालून दुकानदार जयेशभाईंची हाक आली. इमारतीत फोन त्यांच्याकडेच होता आणि निरोपाची हाक ते रस्त्यात उभे राहून मारत. "ओ बेबी! दूसरा माला! मिलिटरी का फोन है, जल्दी आ!"

जिना उतरताना मला वाटले, दादाच आहे. त्याला सांगावे लागेल की मी न विचारता अकरा हलवला. फोनवर दादा नव्हता. दुसराच कोणी हिंदीत बोलत होता आणि त्याच्यामागे पत्र्यावर वारा आपटल्यासारखा आवाज होता.

"मिलिंद के घर से?"

"हाँ. मैं बहन बोल रही हूँ."

"मिलिंद ऊपर गया है. घर पे बोल देना."

"ऊपर मतलब?"

"हेलो? हेलो, आवाज नहीं आ रहा..."

लाइन गेली. मी रिसीव्हर कानाला धरून उभी राहिले. जयेशभाईंनी तो माझ्या हातातून काढून जागेवर ठेवला. फोन आधी त्यांनीच घेतला होता. एरवी ते फोन झाला की "क्या बोला?" असे विचारल्याशिवाय राहत नसत. त्या दिवशी त्यांनी विचारले नाही. ते माझ्याकडे न बघता बरण्यांची झाकणे घट्ट करू लागले.

डेन्झिल जिन्यात भेटला. मी त्याला वाक्य जसेच्या तसे सांगितले. तो पायरीवर बसला.

"ऊपर म्हन्जे डोंगरावं," तो म्हणाला. "दुसरा काय? मेला तं मेला सांगतान. मिलिटरीवाले असा फोनवं न्हाय सांगत, मानूस येते घरा."

"मग 'घर पे बोल देना' कशाला?"

तो उठून माझ्यापुढे जिना चढू लागला. वळून म्हणाला, "तुजा भाव काय फाशावं चालते, प्रज्ञा?" पण वर आल्यावर त्याने फासा उचलला आणि स्वतःच्या खिशात टाकला. मी अकरा नंबर डब्यात घातला नाही. तो उचलून चौथ्या पायरीवर उभा केला. वहीतला 'पडला' हा शब्द रबराने खोडला आणि त्या जागी 'चढला' असे लिहिले. खोडलेले अजून वाचता येते. आई यायच्या आत डोंगर पलंगाखाली गेला. घरी सांगायचे नाही, असे आमचे ठरले. खात्री झाल्याशिवाय बातमी द्यायची नसते हे मला तेव्हा माहीत नव्हते. मी सांगितले नाही ते केवळ तोंडातून शब्द फुटेना म्हणून.

सोमवारी सकाळी मी जयेशभाईंच्या दुकानात जाऊन वर्तमानपत्र उभ्याने चाळले. नावांची चौकट दोनदा वाचली. मिलिंद नव्हता. वर्तमानपत्रात आजचे नाव उद्या येते, हे मी स्वतःला समजावले आणि त्यामुळे मंगळवारची भीती सोमवारीच सुरू झाली. गॅलरीत नाईकबाईंनी मला अडवले. "काय गं, निकाल लागला का?" मला त्या दहावीचे विचारत आहेत हे कळायला वेळ लागला. "लागला की पेढे हवेत हं," त्या म्हणाल्या.

मी जिन्याचे आवाज मोजू लागले. दुधवाल्याची पायरी, नाईकबाईंच्या मुलाच्या उड्या, बाबांची सायकल कुलूप लागताना होणारा खट्ट आवाज. या सगळ्यांत एक आवाज वेगळा येईल, बुटांचा, आणि तो दुसऱ्या मजल्यावर थांबेल, याची मी वाट पाहत होते. तो आला तर आईच्या आधी आपण दार उघडायचे, एवढेच ठरवले होते. पुढे काय करायचे ते ठरत नव्हते. मंगळवारी दुपारी खरोखरच बूट वाजले. मी दाराशी पोचले तेव्हा केबलवाला नाईकबाईंच्या दारात उभा होता.

त्याच मंगळवारी सकाळी पाणी उशिरा आले. सहा दहाला नळ खोकला नाही. साडेसहा झाले. गॅलरीत रिकाम्या कळश्या घेऊन बायका उभ्या. "प्रज्ञाचे बाबा झोपले वाटतं चावीवर," कोणीतरी म्हणाले आणि सगळ्या हसल्या. आई हसली नाही. पाणी सहा वाजून पन्नास मिनिटांनी आले. बाबा घरी आल्यावर त्याविषयी कोणी काही विचारले नाही.

बुधवारी आई दादासाठी येसर भाजायला बसली. येसर म्हणजे ज्वारी, हरभरा, मसाले भाजून दळलेले पीठ. आमटीत टाकले की चव येते आणि महिनोन् महिने टिकते. पहाडात पाठवायला तेच सोयीचे. मी दारात बसून तिच्याकडे बघत होते. ज्याला पाठवायचे तो आहे की नाही हे मला माहीत नाही, आणि ती भाजते आहे, हे बघवत नव्हते.

"काय बघायलीस मला?" ती म्हणाली. "अन् पलंगाखालून हे पाणी कुठून यायलंय?"

डोंगराचे मीठ विरघळून फरशीवर थारोळे झाले होते. मी फडके घेऊन पुसू लागले. पुसून पाठ वळेपर्यंत पुन्हा ओल यायची. तेवढ्यात खरपूस वास बदलला. कढईतले हरभरे काळे झाले होते. आईच्या हातून येसर करपलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. तिने कढई उतरवली, काळे दाणे कागदावर ओतले आणि दुसरा घाणा घेतला.

गुरुवारी पोस्टमन आला तेव्हा मी पहिल्या मजल्याच्या वळणावर बसले होते. पत्रावर दादाचे अक्षर होते. मी ते तिथेच फोडले. आई-बाबांसाठीचा भाग सोडून आधी माझा वाचला. तो पुढीलप्रमाणे होता.

'बारके, खेळण्यातला अकरा तिसऱ्या पायरीवरच थांबव. घळीत नेऊ नको, वरून मार बसतो. मी इथे बघितलंय. आता आम्ही खरेच चढणार आहोत. पंधरा-वीस दिवस पत्र नाही. खाली स्वयंपाकी यादव राहणार आहे, तो जमेल तेव्हा जयेशभाईंकडे फोन करेल. त्याला आईचा शब्द शिकवला आहे. चढला, एवढेच सांगेल. घाबरू नका म्हणावे.'

मी वर गेले. आई भांडी लावत होती. मी पत्र पुढे करून म्हणाले, "दादाचं आहे. तो चढलाय. रविवारी फोन आला होता, मी सांगितलं नाही..."

आई भिंतीला टेकून खाली बसली. "ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "रविवारीच. पाव आणायला गेलते तवा जयेशभाईनं सांगितलं. म्हणाला, कोई दोस्त था, बोला ऊपर गया. मी म्हणलं, तुला कळायच्या आधी..." तिने पत्राकडे बघितले. "चढला लिव्हलंय ना? नीट वाच. तसंच लिव्हलंय?"

मी तिला तो शब्द दाखवला. तिला वाचता येत नव्हते. तिने त्या शब्दावर बोट ठेवले आणि तिथेच ठेवून बसली. चार दिवस दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही दोघी तीच गोष्ट एकमेकींपासून लपवत होतो. बाबांना ती कधी कळली, याची खात्री मला आजवर करता आलेली नाही. मंगळवारी पाणी चाळीस मिनिटे उशिरा आले, एवढेच नोंदलेले आहे.

त्या दिवशी मी फोनची वेळ वहीत लिहिली. मात्र पत्राने भीती संपली नाही. पत्रावरची तारीख फोनच्या आधीची होती. तो चढला, एवढे त्यावरून सिद्ध होत होते. उतरला की नाही, याविषयी काहीच माहिती नव्हती. अकरा नंबर चौथ्या पायरीवर उभा होता आणि पडलेल्याला तिसऱ्या पायरीवर परत आणण्याचा नियम खेळात नव्हता. डेन्झिल दर रविवारी येत राहिला, आईच्या हातचा चहा घेत राहिला. पलंगाखाली दोघांपैकी कोणी वाकले नाही. माझा निकाल लागला, पेढे वाटले गेले. नाईकबाईंच्या टीव्हीवरचा स्वर उतरला की आईची थाप थांबतच होती.

पुढचे पत्र जुलैच्या शेवटी आले. अक्षर दादाचे नव्हते आणि भाषा हिंदी होती. मी पहिली ओळ वाचण्याआधी खाली सही बघितली. यादवने लिहिले होते की मिलिंद इस्पितळात आहे, ठीक आहे, जेवतो, उजवा हात बांधलेला असल्यामुळे लिहू शकत नाही, आणि येसर मिळाले. आईने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. 'ठीक है' हे शब्द आले की ती मान हलवायची.

दादा दिवाळीच्या आधी घरी आला. वाळलेल्या चेहऱ्याचा, हळू बोलणारा. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट नव्हते. तोफगोळ्याने फुटलेल्या खडकाच्या कपच्या लागल्या होत्या. तेवढेच त्याने सांगितले. फोनविषयी मात्र तो सविस्तर बोलला. यादवकडून त्याने 'चढला' शब्द घोकून घेतला होता. फोन लावायच्या वेळी यादवला वाटले, 'चढ गया' म्हटले तर घरच्यांना पोरगा दारू पिऊन पडलाय असे वाटेल. आईसमोर बरे दिसणार नाही. म्हणून त्याने विचार करून सभ्य शब्द वापरला. आई हे ऐकून आधी हसली. मग पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

रविवारी डेन्झिल आला. त्याने खिशातून सापशिडीचा फासा काढून दादाच्या पुढ्यात ठेवला. डोंगर ओढला. शिखर बसले होते, कागदाचे पोपडे सुटले होते, मिठाचे पांढरे डाग उरले होते. दादाने वही मागितली आणि शेवटचे पान उजेडात धरले.

"इथं आधी काय लिहिलं होतंस?"

"पडला."

"फासा किती होता?"

"पाच," डेन्झिल म्हणाला. "आनी उंचीचा येक."

"मग पडला," दादा म्हणाला. "डब्यात घाल."

मी अकरा नंबर चौथ्या पायरीवरून उचलून बिस्किटांच्या डब्यात ठेवला. दादाने लाकडी पट्टी जमिनीवर घेतली आणि तिच्यावर उजवा हात पसरला. अंगठा एका टोकाला ठेवला, मधले बोट पोचेल तिथवर ताणले. तिथे डेन्झिलने पेन्सिलीने खूण केली. मी फूटपट्टी लावून मोजले. साडेसात इंच भरले. डेन्झिलने पट्टी त्या खुणेवर करवतीने कापली. त्या रविवारपासून खालचे एका डावात पावणेचार इंच चढू लागले.